उगामुगा

रंजना बोरसेला हळू बोलता येत नसे. तिने कुणाच्या कानात सांगितलेली गोष्ट जिन्याखालच्या वॉचमनलाही कळायची. पांडेसऱ्यातल्या आमच्या कारखान्यात हा दोष धरला गेला नाही, कारण तिथे खाली कापड विणणारे लूम आणि वर ऑफिस. मधे जाड काच बसवली आहे, तरी खालचा आवाज जमिनीतून वर येतो आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात बारीक वर्तुळं उठतात. बाकीच्यांना त्या आवाजावर बोलताना घसा ताणावा लागतो. रंजनाचा आवाज मुळातच तेवढा होता.

"आमच्या घरात हळू बोलणं म्हणजे न बोलणंच, मानेभाऊ," तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "आबांचे कान लूमवर गेले. आई ओरडून बोलायला लागली. तिचं ऐकून आम्ही भावंडं. कोसाडला आमच्या बिल्डिंगमध्ये भांडण झालं की लोक आधी आमच्याच दाराकडे बघतात. आम्ही आपले जेवत असतो."

मी कारखान्यात कॉस्टिंग बघतो. कापडाच्या एका ताक्याला सूत किती, वीज किती, मजुरी किती, हे मांडणं माझं काम. मूळचा मी सांगलीकडचा. रंजनाचं घराणं अमळनेरजवळचं, त्यामुळे तिची अहिराणी मला अर्धीच कळे. माझ्याशी ती शाळेतलं मराठी बोलायची, शेठशी गुजराती, आणि कॉम्प्युटरशी अहिराणी. कॉम्प्युटरशी ती दिवसभर बोलायची.

त्याआधी ती एका खाजगी शाळेत कॉम्प्युटर शिकवत होती. चाळिशी ओलांडल्यावर स्वतःच शिकत शिकत ती यंत्राला चित्रं ओळखायला शिकवण्याच्या विद्येत शिरली. आमच्या शेठना तेव्हा चेकिंग टेबलावर कॅमेरा बसवायचा होता. टेबलावरून कापड सरकतं आणि चेकिंगच्या बायका त्यात तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पट्टा शोधतात. दुपारनंतर डोळे थकतात आणि डाग सुटतात. कॅमेऱ्याने बायकांच्या सोबतीने बघावं, खोट दिसली की पडद्यावर लाल खूण यावी, नसेल तर हिरवी, असा बेत होता. रंजनाने तो प्रोग्राम लिहायला घेतला.

ठरलं असं होतं की मार्केटमधली एक मोठी पार्टी, म्हणजे घाऊक गिऱ्हाईक, कारखाना बघायला येईल, तोपर्यंत यंत्र नीट चाललं तर रंजना कायम. नाही तर कॅमेरा कपाटात आणि रंजनाबेन परत शाळेत. शाळेतली तिची जागा केव्हाच भरली गेली होती. हे शेठना माहीत नव्हतं, मला होतं. तिने मला ते गुपित म्हणून सांगितलं होतं, म्हणजे वॉचमनलाही माहीत असणार.

असले प्रोग्राम कुणी मुळापासून लिहीत नाही, हे मला तिच्याकडून कळलं. जगात कुणी कुणी लिहून ठेवलेली तयार साधनं असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. ती घ्यायची आणि आपलं काम त्यावर उभं करायचं. रंजनाने घेतलेली लायब्ररी कामाला चोख होती, पण तिला बोलायची फार सवय होती. कापडाचा तुकडा कॅमेऱ्याखालून सरकला की आमचा हिरवा-लाल निकाल एका ओळीत यायचा, आणि त्याच्या आगेमागे तिच्या स्वतःच्या ओळींची रीघ. मी असं चालू केलं, मी तसं तपासलं, अमुक सापडलं नाही, तमुक पुढे बंद होणार आहे. काही पांढऱ्या, काही पिवळ्या, काही चक्क लाल.

रंजना त्या ओळी हजेरी घेतल्यासारख्या मोठ्याने वाचायची. तिने प्रत्येकीला नाव दिलं होतं. एक ओळ सारखी सांगे की ही सोय पुढच्या आवृत्तीत असणार नाही. "ही आत्याबाई. पुढच्या वर्षापासून मी येणार नाही म्हणते आणि दर दिवाळीला पहिली हजर." दुसरी ओळ ग्राफिक कार्ड शोधून मिळालं नाही म्हणून कुरकुरे. आमच्या कॉम्प्युटरला ते नव्हतंच. "ही नवी सून. सासरी मिक्सर नाही, हे ती रोज सकाळी एकदा बोलून दाखवणार. मग पाट्यावर चटणी वाटते, आणि चांगली वाटते." काम किती झालं ते दाखवणारी एक पट्टी पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावायची. तिला ती फक्त 'पळ्या' म्हणे.

गंमत आम्हाला होती. टेबलावर बसणाऱ्या कोकिळाबेनना नव्हती. त्या चेकिंगमधल्या सगळ्यांत जुन्या, अमरेलीकडच्या, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. त्यांना सांगितलं होतं की लाल दिसलं की टेबल थांबवायचं. त्या शब्दाच्या पक्क्या. आत्याबाई लाल अक्षरांत आली की टेबल बंद, सून कुरकुरली की टेबल बंद. थांबवून त्या कापडावर बोट फिरवायच्या, काही सापडायचं नाही, पुन्हा चालू. काम कमी उतरायला लागलं. माझ्या आकड्यांत ते दोनच दिवसांत दिसलं आणि मी ते जसंच्या तसं शेठपुढे ठेवलं.

शेठ खाली आले. पडद्यापुढे उभे राहून बराच वेळ ओळी वर सरकताना बघत राहिले.

"रंजनाबेन, आ शुं बोल-बोल करे छे? मशीन मांदुं छे?"

"आजारी नाही, शेठ. सवय आहे त्याची. सांगत बसतं."

"पार्टी आवशे तो शुं कहीश? के सवय छे?" शेठ म्हणाले. "बंध करावो. मने लीलुं ने लाल, बे ज जोईए."

हिरवं आणि लाल, दोनच. एवढं सांगून ते गेले. कोकिळाबेन चष्मा पुसत म्हणाल्या, "बेन, तारुं मशीन तारा पर गयुं छे." तुझं यंत्र तुझ्यावर गेलंय. रंजना हसली, आणि ते हसणं वर ऑफिसात ऐकू गेलं.

तोंड बंद करणं वाटलं तेवढं सोपं निघालं नाही. तिने प्रोग्रामात सांगितलं की बोलू नकोस. अर्ध्या ओळी थांबल्या, अर्ध्या चालूच. तिने पडद्याकडे जाणारी वाटच वळवून दिली, तरी काही ओळी कुठून तरी येतच राहिल्या. "वरचा मजला गप्प झाला, खालचा ऐकत नाही," ती म्हणे. त्या लायब्ररीचा खालचा थर वेगळ्या भाषेत लिहिलेला होता आणि त्याला वरचे हुकूम पोचत नव्हते. एवढं मला समजलं. पडद्याकडे बोट रोखून ती विचारायची, "आते काय व्हयनं तुले?" आता काय झालं तुला?

उत्तर सापडलं ते जेवणाच्या सुट्टीत. तिच्या डब्यात कळण्याची भाकरी असायची, सोबत मिरचीचा ठेचा. तो मी एकदाच चाखला. भाकरी मोडता मोडता ती तिच्या लहानपणचं सांगत होती. कुणाकडे पाहुणी म्हणून जायचं असलं की आई जिन्यातच थांबवायची, दोन्ही खांदे धरायची आणि म्हणायची, "उगामुगा ऱ्हाय." गप्प, गुपचूप बस.

"जिन्यात का?" मी विचारलं.

"आत गेल्यावर सांगून काय उपयोग? तोपर्यंत मी बोलून बसलेली असायचे की यांच्याकडे पोहे फार कमी देतात." ती बोलता बोलता थांबली. हातातला घास तसाच. "मानेभाऊ, मी आत आल्यावर सांगतेय."

"कुणाला?"

"त्या बाईला. लायब्ररीला आधी आत बोलावते आणि मग सांगते गप्प बस. ती दारातच सुरू झालेली असते. जिन्यात सांगायला पाहिजे."

ती हात धुऊन उठलीच. लायब्ररीला प्रोग्रामात बोलावणारी ओळ होती, तिच्याही वर तिने गप्प राहण्याचा हुकूम लिहिला. बोलावण्याच्या आधी. खालचा मजलाही गप्प झाला. या हुकमाला पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर नुसत्या गप्पा बंद होतात, पुढच्या पायरीवर इशारे बंद, शेवटच्या पायरीवर चुकांची ओरडही बंद. पार्टी तोंडावर आली होती. रंजनाने शेवटची पायरी लावली. त्या सगळ्या तुकड्याला प्रोग्रामात काहीतरी नाव द्यावं लागतं. इंग्रजी अक्षरांत तिने नाव दिलं, उगामुगा.

पडदा स्वच्छ झाला. कापड सरकायचं, हिरवं. कापड सरकायचं, हिरवं. मधेच लाल, आणि त्या लालखाली खरंच डाग. कोकिळाबेन दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हवे सारुं." आता बरं. शेठ खाली येऊन मान हलवून गेले. रंजना आत्याबाईची आठवण काढायची. "एवढी बडबड ऐकायची सवय झाली होती. सुनं वाटतं."

पार्टी आली ती सकाळची. वयस्कर व्यापारी, पांढरा सफारी, सोबत मुलगा. शेठनी मला टेबलाजवळ थांबायला सांगितलं होतं, कामाचे आकडे विचारले तर द्यायला. कोकिळाबेननी टेबल चालू केलं. कापड सरकू लागलं. हिरवं, हिरवं, हिरवं. व्यापारी मागे हात बांधून बघत होते. त्यांच्या मुलाने मोबाइलवर थोडं शूटिंग केलं. शेठच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. ताका संपला, दुसरा लागला. हिरवं, हिरवं.

माझं लक्ष रंजनाकडे गेलं, कारण ती बोलत नव्हती. हात ओढणीत गुंडाळून पडद्याकडे बघत उभी होती. मग तिने विचारलं, आणि नेहमीच्या मानाने ते हळूच होतं, "कोकिळाबेन, सवारथी लाल केटला आव्या?"

"एक पण नहीं. आजे माल सरस छे."

सकाळपासून एकही लाल नाही. व्यापारी खूश झाले. शेठ खूश झाले. रंजनाने माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाली, "मानेभाऊ, घरात पोरं उगामुगा झाली की आई काय करते?"

माझ्या मुलीच्या लहानपणी असं झालं की आमच्या हिची हाक स्वयंपाकघरातून यायची, काय सांडलंस गं. मी तेच बोललो. "काय सांडलं ते बघायला जाते."

रंजना पुढे झाली आणि तिने टेबल थांबवलं. कापड जागीच राहिलं. तिने आपला उजवा हात पालथा करून कॅमेऱ्याखाली, कापडावर ठेवला. सावळा हात, दोन बांगड्या, अंगठ्याला ठेच्याचा डाग. पांढऱ्या कापडावर यापेक्षा मोठी खोट कुठली असणार.

पडद्यावर हिरवं आलं.

तिने हात तिथेच ठेवला. पुन्हा हिरवं. पुन्हा हिरवं. व्यापाऱ्यांचा मुलगा शूटिंग करायचं थांबला.

मग तिने कॉम्प्युटरपाशी जाऊन उगामुगाची ओळ काढून टाकली आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. पडदा लाल ओळींनी भरून गेला. त्यातली एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. कॅमेऱ्याकडून नवं चित्र येत नाही, जुनंच चित्र वापरत आहे. पार्टी येणार म्हणून केलेल्या साफसफाईत कॅमेऱ्याची वायर अर्धी निघाली होती. यंत्र सकाळपासून कापडाच्या एकाच चांगल्या तुकड्याकडे बघून सगळ्या कापडाला ठीक म्हणत होतं. आणि ओरडतही होतं, पण त्याचं तोंड बांधलेलं होतं.

"आ खोटुं छे," ती व्यापाऱ्यांना म्हणाली, पूर्ण आवाजात. हे खोटं आहे. "आज सवारनो बधो माल फरी जोवो पडशे. भूल मारी छे. मशीन कहेतुं हतुं, में एनुं मोढुं बंध कर्युं हतुं." सकाळचा सगळा माल पुन्हा बघावा लागेल, चूक माझी, यंत्र सांगत होतं आणि मीच त्याचं तोंड बंद केलं होतं.

व्यापारी शेठना म्हणाले, "चालो, चा पीए." सगळे वर गेले.

कोकिळाबेननी सकाळचा पहिला ताका उलटा घेऊन बोटाने तपासायला सुरुवात केली. तिसऱ्या घडीलाच तेलाचा डाग निघाला. त्यांनी तिथे खूण केली. रंजनाने कापडाचं दुसरं टोक धरलं.

पार्टी गेल्यावर शेठनी तिला वर बोलावलं. मी तिथेच होतो. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत.

"पार्टीनी सामे?" एवढंच म्हणाले.

"पार्टीच्या मागून सांगितलं असतं तर माल त्यांच्याबरोबर गेला असता, शेठ."

शेठनी टेबलावरचा ग्लास उचलला, वर्तुळं बघितली, ठेवला. "चूप कराववानुं में ज कह्युं हतुं. ए बराबर. पण एक वात कहो. चूप छे, त्यारे मने खबर केम पडे के साजुं छे के मरी गयुं?"

गप्प करायला मीच सांगितलं, ते बरोबर; पण गप्प असताना ते धडधाकट आहे की मेलंय, मला कसं कळणार?

"जवाब लावो," शेठ म्हणाले. "पछी नोकरीनी वात." नोकरीचं त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पिशवी खांद्यावरच होती. बसमधून उतरून सरळ आली होती.

"मानेभाऊ, मी लहान होते तेव्हा आबांना डबा द्यायला लूमवर जायचे," तिने सुरुवात केली. "आत कुणालाच काही ऐकू यायचं नाही. आबा या टोकाला, त्यांचा जोडीदार त्या टोकाला. मधे सगळी धडधड. आबा मधूनच एक हात वर करायचे. असा, पंजा उघडा. तिकडून जोडीदार हात वर करायचा. मग दोघं आपापल्या कामाला. मला वाटायचं खेळतायत. काल आईला विचारलं. ती म्हणाली, ते एकमेकांना सांगायचे, शे."

"म्हणजे?"

"आहे. मी आहे, चाललंय. अहिराणीत आहेला शे म्हणतात. हात दिसला नाही तर दुसरा लूम सोडून धावायचा."

ती खाली गेली. पुढचे काही दिवस तिचा आवाज पुन्हा वरपर्यंत येत राहिला. तिने उगामुगा काढून टाकलं नाही, त्याची पायरी खाली आणली. आत्याबाई, सून, पळ्या पडद्यावरून हटले. इशाऱ्यांना तिने वेगळ्या जागी बसवलं आणि रोज सकाळी चहाबरोबर ते स्वतः वाचायचं ठरवलं. खरी चूक आली तर मात्र टेबल आपोआप थांबणार. आणि पडद्याच्या कोपऱ्यात, हिरव्या-लालच्या खाली, तिने एक बारीक अक्षर ठेवलं. थोड्या थोड्या वेळाने उमटायचं आणि विरायचं. गुजराती लिपीत लिहिलेलं, शे.

मी हिशोबी माणूस, म्हणून शंका काढली. "हे तर घड्याळासारखं नुसतं उमटत राहील. मेलेलं यंत्रही शे म्हणत बसेल."

"म्हणूनच ते घड्याळाला बांधलं नाही," ती म्हणाली. "कॅमेऱ्याकडून नवं चित्र आलं, आधीच्यापेक्षा वेगळं, तरच उमटतं. हात वर करायला हात लागतो, भाऊ."

शेठ आले. तिने त्यांच्यादेखत वायर ओढून काढली. अक्षर उमटायचं थांबलं, आणि दुसऱ्याच क्षणी टेबलही. वायर लावली. शे.

"आ शुं लख्युं छे?" शेठनी विचारलं. रंजना सांगणार, इतक्यात कोकिळाबेन म्हणाल्या, "छे, शेठ. बीजुं शुं. अमारे गामडे 'से' बोलीए. बेननुं गामडुं थोडुं आघुं हशे." आहे, दुसरं काय; आमच्या गावी 'से' म्हणतात, हिचं गाव जरा लांबचं असेल.

शेठ हसले. रंजना कायम झाली. ती वयस्कर पार्टी पुढच्या खेपेला स्वतःहून आली. त्यामागे रंजनाचा तो हात होता की आमचा भाव, हे मी सांगू शकत नाही. नोंद असलेलं तेवढंच मी सांगतो.

मी हे घरी सांगितलं होतं. माझी मुलगी वडोदऱ्याला शिकते. आई रोज काय जेवलीस, कुठे गेलीस, कुणाबरोबर, असे प्रश्न मोबाइलवर पाठवते आणि ती उत्तर देत नाही, यावरून आमच्या घरात कुरबूर असे. हल्ली रोज संध्याकाळी मुलीकडून एकच अक्षर येतं. आई ते बघते आणि कणीक मळायला घेते. बाकीच्या गप्पा रविवारी.

रंजना आमच्याकडे आणखी काही वर्षं होती. मग मालेगावच्या एका कारखान्याने तिला बोलावलं. तिथेही लूम, तिथेही चेकिंग टेबल, आणि आई-आबांना गाव जवळ. जायच्या दिवशी तिने ऑफिसात सगळ्यांना पेढे दिले, कोकिळाबेनना साडी दिली. मला म्हणाली, "तुम्हाला काय देऊ? ठेचा आणला असता, पण तुम्ही एकदाच खाल्ला." मग तिला काहीतरी आठवलं आणि ती पिशवी घेऊन खाली गेली.

थोड्या वेळाने मी सहज काचेपाशी गेलो. ती लूमच्या रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला, चेकिंग टेबलाजवळ उभी होती. वाकून पडद्याच्या कोपऱ्यात बघत होती. समाधान झाल्यावर तिने वर बघितलं, मी दिसलो, आणि ती काहीतरी बोलली. तोंड हललेलं दिसलं. मधे काच होती, खाली सगळे लूम चालू होते. रंजना बोरसेचं बोलणं मला ऐकू आलं नाही, अशी ती एकच वेळ.

तिच्याही ते लक्षात आलं असावं. ती थांबली, पिशवी डाव्या खांद्यावर घेतली, आणि उजवा हात वर केला. पंजा उघडा.

मी हातातली फाईल खाली ठेवली आणि माझा हात वर केला.